लॅमिनेट केलेलं सातवं कलम

दारव्हा,
मंगळवार, सहामाही परीक्षेचा पहिला पेपर (पर्यवेक्षण मी करतो आहे, म्हणजे हे पत्र लिहितो आहे)

प्रिय मुख्तार यास,

नानाजीचा सलाम आणि आशीर्वाद. (मी तुझ्याहून सात महिन्यांनी मोठा असल्यामुळे दोन्ही देण्याचा अधिकार मला आहे. घेणं न घेणं तुझ्याकडे.) तुझा गुडघा कसा आहे? तो गाडीखाली शिरताना दुखतो की निघताना, हे डॉक्टरला नीट सांगितलंस का? वहिनींची शुगर? गॅरेजसमोर कडुनिंबाखाली झोपणारं ते तीन पायांचं कुत्रं? सगळ्यांची खुशाली मनापासून विचारतो आहे, पण उत्तराची वाट पाहण्याइतका वेळ नाही, म्हणून सर्व क्षेम आहे असं गृहीत धरून पुढे जातो. इकडे आम्ही बरे आहोत. म्हणजे आमच्या सौभाग्यवती बऱ्या आहेत. मला कालपासून घास उतरत नाही.

हे पत्र वाचून संपेपर्यंत गॅरेजमधल्या कॉम्प्युटरला हात लावू नकोस. पान्याला लाव, जॅकला लाव, हैदराबादकडे जाणाऱ्या कोणत्याही ट्रकच्या कोणत्याही भागाला लाव. आणि शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर शटर अर्धं ओढून तू जे करणार आहेस, ते आधी बॅकअप काढल्याशिवाय करू नकोस. (प्रतिलिपी असा सुबक शब्द आपल्याकडे असताना बॅकअप म्हणावं लागतं, याबद्दल मी एरवी तुला अर्धा तास सुनावलं असतं. आज शब्दांवर वाद नाही. आज तू त्याला गाजर म्हणालास तरी चालेल, पण काढ.) सांगायचं होतं ते एवढंच. पण एवढंच लिहून पाठवलं, तर तू 'का?' म्हणणार, आणि त्या 'का'चं उत्तर लांबलचक आहे, आणि त्यात ठिकठिकाणी माझी अब्रू पडलेली आहे. ती गोळा करत करत जावं लागेल.

आणखी एक अडचण. तू पत्र शेवटाकडून वाचतोस. वर्तमानपत्र तू मागच्या पानापासून उघडतोस, लग्नाच्या पंगतीत गोडापासून सुरुवात करतोस, आणि आठवीत आपल्या शास्त्रीसरांनी 'देव' शब्द चालवायला सांगितला तेव्हा तू सप्तमीपासून प्रथमेपर्यंत उलटा म्हणून दाखवला होतास. सर चिडले, पण चूक एकही काढू शकले नाहीत. तेव्हा मी हसलो होतो. गेली चाळीस वर्षं मी तुझ्या या सवयीला हसत आलो आहे. काल दुपारपासून हसणं बंद आहे. ते का, हेही पुढे येईल. (किंवा तुझ्या बाबतीत, मागे येऊन गेलं असेल.)

आता फोन न करता पत्र काय म्हणून, असं पोस्टमन विचारील, तू विचारणार नाहीस, कारण कारण तूच आहेस. एकवीस दिवस झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर तू मला ब्लॉक केलं आहेस, हे मला आमच्या सौभाग्यवतींनी समजावून सांगितलं. मी समजत होतो, तू फोटो बदललास आणि नवा फोटो करड्या रंगाच्या माणसाचा आहे. तुझा राग रास्त आहे. रुबीनाच्या लग्नाच्या पत्रिकेचा मसुदा तू मोठ्या विश्वासानं माझ्याकडे पाठवलास, 'पंडत, मराठीतलं तेवढं पाहून दे' म्हणून. मी लाल पेन घेऊन बसलो. आशीर्वाद देणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या यादीत मला 'जैबुनबी' हे नाव दोनदा दिसलं. मी म्हटलं, छापखानेवाल्याची डुलकी, आणि दुसरं खोडलं. तुझ्या अम्मींचं नाव जैबुनबी आणि तुझ्या सासूबाईंचंही नाव जैबुनबी, हे मला तीस वर्षं ठाऊक आहे. दोघींच्याही हातचा शीरखुर्मा मी खाल्लेला आहे आणि कोणाचा जास्त चांगला हे कधीही न सांगण्याचं शहाणपण दाखवलेलं आहे. पण लाल पेन हातात आलं, की मुख्तार, मला माणसं दिसत नाहीत, फक्त अक्षरं दिसतात. चारशे पत्रिका छापून आल्या. सासूबाईंनी नातीकडून पत्रिका वाचून घेतली, दोनदा वाचून घेतली, आणि तुला एवढंच विचारलं म्हणे, "क्यों जी जमाईबाबू, मैं मर गई क्या?" त्यानंतर तू चारशे पत्रिकांवर पेनानं त्यांचं नाव लिहीत बसलास, असं कळलं. अक्षर तुझं असल्यानं ते वाचता येत नाही, असंही कळलं. तो भाग माझ्या माथी नाही.

(तिसऱ्या बाकावरच्या दोघी एकमेकींचं पाहून लिहिताहेत. लिहू देत. आज मला प्रत काढणाऱ्या प्रत्येक जीवाबद्दल जिव्हाळा वाटतो आहे.)

तर आता मूळ प्रकरण. तू ज्या प्रोग्राममध्ये रक्तदात्यांची यादी ठेवतोस, त्याचं खरं नाव परदेशी आहे आणि ते उच्चारताना तुझा पुढचा बसवलेला दात निघण्याची भीती आहे, म्हणून आपण त्याला पहिल्यापासून कणगी म्हणतो. माहिती भरून ठेवायची, मागितली की मागितली तेवढीच बाहेर काढायची, एवढंच तिचं काम. कणगी कोणा एकाच्या मालकीची नाही. तिचा आतला सगळा मजकूर उघड्यावर मांडलेला आहे, जगातला कोणीही तो वाचू शकतो, दुरुस्ती सुचवू शकतो, आणि जे आठदहा राखणदार आहेत ते ती पारखून आत घेतात. दोन वर्षांपूर्वी माझी जुनी विद्यार्थिनी निकिता (पुण्याला असते, दहावीला संस्कृतात शंभरपैकी शंभर, तरीही नोकरी लागली) मला म्हणाली, "सर, कणगी कशी वापरायची ते सांगणारी पानं कोणी पाहूनच नाही राह्यलं. प्रोग्राम लिहायले सारे येतात, पानं सुधरवायले कोणी नाही. तुमचं लाल पेन तसंही रिकामंच आहे." मी त्या मोहात पडलो. ही कणगी तुझ्या गॅरेजात आणून बसवली तीही मीच, 'रजिस्टरात काय लिहीत बसतोस' म्हणून.

बाहेरच्या माणसाला वाटतं, प्रोग्राम एकदा लिहिला की झाला. तसं नसतं रे. तुला हे ट्रकवरून कळेल. गाडी कारखान्यातून निघते त्या दिवशी तिचं काम संपत नाही, तुझं सुरू होतं. इकडे कणगीतल्या एखाद्या आज्ञेचं नाव बदलतं, आणि पानं मात्र तिला जुन्याच नावानं हाका मारत बसतात, सासरी गेलेल्या लेकीला माहेरची माणसं मारतात तशी. एखादं उदाहरण दिलेलं असतं, ते आठ वर्षांपूर्वी चालत होतं. एखादी वाट दाखवलेली असते, ती आता कुठेच जात नाही. आतल्या मजकुरात मला एकदा एक टीप सापडली, 'हे तात्पुरतं आहे', आणि खाली तारीख अकरा वर्षांपूर्वीची. मी ते काढून टाकावं असं सुचवलं. तेव्हा राखणदारांपैकी नॉर्वे देशातल्या एका गृहस्थांनी (आपण त्यांना नॉर्वेकर म्हणू) लिहिलं, की कृपया हात लावू नका, त्यावर काय काय उभं आहे ते कोणालाच माहीत नाही. तुझ्या छपराखालचा तो वाकडा खांब मला आठवला. तात्पुरता म्हणून तू तो लावलास त्या वर्षी रुबीना बालवाडीत होती.

असं करत करत गेल्या वर्षी माझ्याकडे चाव्या आल्या. म्हणजे पानांमधली दुरुस्ती आत घ्यायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार. नियम असा, की स्वतःची दुरुस्ती स्वतः आत घ्यायची नाही, दुसऱ्या कोणी तरी पाहून होकार द्यायचा. चांगला नियम आहे. माणूस स्वतःच्या बाबतीत फार समजूतदार असतो. चाव्या मिळाल्यावर मी महिनाभर जमिनीपासून वीतभर वर चालत होतो. सौभाग्यवती म्हणाल्या, "जगाच्या पानांवरची धूळ पुसून झाली असेल तर आपल्या देवघरातली पुसा." (पुसली नाही.)

आणि मग मी ते पान हातात घेतलं. 'जुनी आवृत्ती काढून नवी आवृत्ती बसवणे.' त्याला नऊ कलमं आहेत, कारण कोणाकडे कुठली जुनी आवृत्ती आहे त्याप्रमाणे रीत बदलते. आणि त्या नऊही कलमांच्या डोक्यावर तेच ते एक वाक्य, अक्षरही न बदलता: आधी पूर्ण बॅकअप काढा, तो दुसऱ्या ठिकाणी ठेवा, आणि उघडतो का ते पाहा. नऊ वेळा! सव्वीस वर्षं मी मुलांच्या निबंधात समासामध्ये 'पुनरुक्ती' असं लिहीत आलो आहे. आपल्याकडे शास्त्र लिहिण्याची रीत अशी, की गोष्ट वर एकदा सांगितली म्हणजे ती खालच्या सगळ्यांना लागू. पुन्हा सांगणं हा वाचकाचा अपमान. (त्या वाचकानं अख्खा ग्रंथ पहिल्या ओळीपासून तोंडपाठ केलेला असतो, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.) मी पहिल्या कलमातलं वाक्य ठेवलं आणि उरलेली आठ खोडली. एकेक खोडताना काय समाधान वाटलं, काय सांगू! अंगणातलं गाजरगवत उपटताना वाटतं तसं. नॉर्वेकरांनी पाहून वर केलेला अंगठा दाखवला आणि 'आता कसं नीटस दिसतं' असं लिहिलं. (ते सुट्टीवर होते, समुद्रकाठी, हे त्यांनी मला काल सांगितलं.) मराठी पानावरही मी तीच सफाई केली.

आणि इतकं झाल्यावर स्वस्थ बसेन तर मी कसला. तुझ्याकडची आवृत्ती जुनी झाली होती. तिला लागतं सातवं कलम. ते मी सुंदर टायपात छापून घेतलं, फक्त सातवं, म्हणजे तुझा गोंधळ होऊ नये. तुझे हात तेलकट असतात म्हणून बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून घेतलं, जाड, दोन्ही बाजूंनी. खाली सही केली. पत्रिकेचा गोंधळ व्हायच्या पाच दिवस आधी ते तुला पाठवलं, आणि तू ते टायरच्या हवेच्या तक्त्याशेजारी चार खिळे मारून लावलंस, असा तुझाच फोन आला होता. "पंडत, एकदम पक्कं काम केलं तू. आता दहा वर्षं काही होत नाही याले." मी फार सुखावलो होतो, मुख्तार. ते वाक्य आता माझ्या छातीवर बसलं आहे.

काल, सोमवारी, दुपारी तीन वाजता कणगीच्या चावडीवर एक निरोप आला. (चावडी म्हणजे जिथे राखणदार आणि वापरणारे एकमेकांना लिहितात ती जागा.) खूप दूरच्या एका बेटावरची शाळा. तिथली पोरं चौदा वर्षं रोज सकाळी पावसाचं मोजमाप घेऊन कणगीत भरत होती. एकाही दिवसाचा खाडा नाही. त्यांनी नवी आवृत्ती बसवायला घेतली, शोधून थेट सातव्या कलमावर आले, एकापाठोपाठ एक पायरी करत गेले, आणि मधल्या पायरीवर, जुनं दप्तर मोडून नवं रचलं जात असताना, चार मिनिटं वीज गेली. जुनं राहिलं नाही, नवं झालं नाही. चौदा वर्षांचा पाऊस गेला. बेटावर पडला होता, पण आता कुठे पडल्याची नोंद नाही. त्यांनी रागाचा एक शब्द लिहिला नव्हता. त्यांनी विचारलं होतं, 'सातव्या कलमातलं एखादं वाक्य आमच्याकडून वाचायचं राहिलं का?'

नाही राहिलं. मीच ठेवलं नव्हतं.

मी ताबडतोब लिहून टाकलं की हे काम माझं. नॉर्वेकर रागावले नाहीत. त्यांनी मला फक्त नऊ जुन्या नोंदी काढून दाखवल्या. कणगीत प्रत्येक ओळीचा इतिहास राखलेला असतो, कोणी लिहिली, केव्हा, काय म्हणून. मी तो वाचायचा होता. पोथीतलं एक अक्षर बदलण्यापूर्वी जुन्या प्रती पाहाव्यात हे मी वर्गात घसा फोडून शिकवतो, आणि इथे पाहिलं नाही. ते वाक्य कोणी एका बसणीत नऊ वेळा लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या कलमात ते एका नर्सबाईंनी घातलं होतं, दवाखान्याची वर्षभराची टिपणं गेल्यावर. चौथ्यात एका बीज-संग्रह करणाऱ्यानं. सातव्यात कोणी घातलं त्यानं कारण लिहिलं होतं ते एवढंच, 'मला माफ करा सगळ्यांनी.' नऊ कलमं, नऊ माणसं, नऊ वेळा हात पोळलेले. वाक्य एकच होतं, म्हणून मी ते एकाच माणसाचं समजलो. (जैबुनबींच्या बाबतीत केलं तेच. महिन्याभरात दोनदा. म्हणजे माझीही पुनरुक्ती झालीच.)

तासाभरात मी आठही वाक्यं जागच्या जागी परत ठेवली, मूळ पानात आणि मराठीतही. या वेळी तिघांनी पाहिली, कोणीही समुद्रकाठी नव्हतं. बेटावरच्या पोरांच्या वह्या शिल्लक आहेत का ते आता पाहताहेत, काही वर्षांच्या सापडल्या आहेत. तर जगात सगळीकडे चूक दुरुस्त झाली, मुख्तार. फक्त एका ठिकाणी नाही. पांढरकवड्यात, हायवेलगत, टायरच्या हवेच्या तक्त्याशेजारी ती चूक लॅमिनेशनमध्ये अमर झालेली आहे, माझ्या सहीनिशी, चार खिळ्यांवर. तिथे माझ्या चाव्या चालत नाहीत.

काल तीनपासून माझ्या डोळ्यांपुढून तुझी यादी हलत नाही. दोन हजार सातशे चाळीस नावं. प्रत्येकाचा रक्तगट, गाव, फोन, शेवटचं रक्त केव्हा दिलं ती तारीख. हायवेवर गाडी उलटली की दवाखान्याच्या आधी तुझा फोन वाजतो. आणि ती झालरीच्या टोपीतली सलोनी, सिकलसेलवाली, जिला वरचेवर रक्त लागतं आणि जिचा गट जुळणारे तालुक्यात सहाच जण आहेत, ती सहा नावं तू पाठ आहेत म्हणतोस. पण सहाव्याचा फोन तू गेल्याच महिन्यात बदलून घेतला होतास, तो तुला पाठ आहे का? आधी बॅकअप काढ. (हे मी पुन्हा लिहितो आहे हे मला दिसतं आहे. दिसू दे.)

तुला फोन लागेना म्हणून रात्रभर तळमळलो, आणि आज सकाळी शाळेत निघताना फोन वाजला. रुबीना. मी म्हटलं, "अगं, अब्बांनी तुला माझ्याशी बोलू नको सांगितलं ना?" तर म्हणते, "अब्बांनी सांगितलं का चाचाचा फोन उचलू नको. मी उचलून कुठं राह्यली? मी तं लावून राह्यली." (ही पोरगी सासरी गेल्यावर त्या घराचं कसं होणार, याची मला आतापासून काळजी आहे.) तू शुक्रवारी नमाजनंतर नवी आवृत्ती बसवणार आहेस, हे तिच्याकडूनच कळलं. मी तिला सगळं सांगितलं. तिनं फोन चालू ठेवूनच तुला जाऊन सांगितलं, आणि तुझा आवाज मी स्वतःच्या कानांनी ऐकला, "बाप को मत सिखा. पंडत ने पक्का करके भेजा, प्लास्टिक में. बता, इसमें किधर लिखा है बॅकअप? दस्तखत है उसकी." मग पाना आपटल्याचा आवाज. मग रुबीना म्हणाली, "चाचा, ते म्हणतात लेखी पाहिजे. तुमच्या सहीचं." मी म्हटलं, मग तूच काढून ठेव बॅकअप. तर कॉम्प्युटरचा पासवर्ड फक्त तुझ्या डोक्यात. आणि माझ्या छापील शब्दावर तुझा असा भरवसा, तोही माझ्याशी बोलणं बंद असताना! मैत्रीला काय म्हणावं! थोडा कमी भरवसा ठेवला असतास तर मी आज जेवलो असतो.

म्हणून हे लेखी. खाली सही करतो आहे, आणि जाणीवपूर्वक लिहितो, की भिंतीवरच्या कागदावर सही करणारा तो मनुष्य आणि हा मनुष्य एकच असून त्याचं पहिलं म्हणणं चुकलेलं आहे. घंटा व्हायला आली. पोरी पेपर बांधताहेत.

वहिनींना नमस्कार, रुबीनाला आशीर्वाद, तीन पायांच्या कुत्र्याला जे काही देतात ते. अम्मी जैबुनबींना सलाम. सासूबाई जैबुनबींना सलाम. (ही पुनरुक्ती नाही.)

तुझा,
नानाजी

ता. क. सोबत सातवं कलम नव्यानं छापून पाठवतो आहे. पहिलं वाक्य मोठ्या टायपात आहे. पेनड्राइव्ह लाव, बॅकअप काढ, पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून तो उघडतो का पाहा, आणि मगच पुढचं कर. हा कागद लॅमिनेट केलेला नाही आणि तूही करू नकोस. तेल लागेल, लागू दे. फाटला तर दुसरा पाठवीन, चुकला तर तिसरा. भिंतीवरचा तो काढ. खिळे निघत नसतील तर भिंत काढ.

पुन्हा ता. क. आता खरी विनंती, जिच्यासाठी मी वर सात पानं धीर गोळा करत होतो. गेल्या दिवाळीला मी तुला म्हणालो होतो, की यादी कणगीत आली आहे, आता ती दोन जाड रजिस्टरं, एक रक्तगटावार आणि एक गाववार, रद्दीत दे. तेच ते तीनदा कशाला. तू माझं ऐकलंस (तू नेहमी नको तेव्हा ऐकतोस) आणि गठ्ठा बांधून दारात ठेवलास. सकाळी मी भीत भीत रुबीनाला विचारलं. तर रजिस्टरं आहेत! रद्दीवाला यायच्या आत सासूबाईंनी उचलून आपल्या पेटीत ठेवली, म्हणे, "कागज पे लोगों के नाम हैं, नाम रद्दी में नहीं देते." जिचं नाव मी पुनरुक्ती म्हणून खोडलं, तिच्या पेटीत सगळ्या तालुक्याची पुनरुक्ती सुखरूप आहे. दिवाळीपर्यंतची का असेना. नंतरची तीनशे नावं त्यात नाहीत, म्हणून आधी बॅकअप काढच. पण सासूबाई रजिस्टरं कोणाच्या हाती देत नाहीत. तो मास्तर स्वतः येऊन पत्रिका आपल्यासमोर मोठ्यानं वाचील, दोन्ही नावांसकट, तेव्हा देईन, असं त्यांचं म्हणणं आहे. मी रविवारी येतो. माझी विनंती एवढीच, की मी वाचत असताना तू माझ्या शेजारी उभा राहा. बोलू नकोस हवं तर. नुसता उभा राहा.

तिसरा ता. क. चावडीवर काल ठरलं, की यापुढे प्रत्येक पान असा एक माणूस वाचील जो पहिल्या ओळीपासून कधीच सुरुवात करत नाही. असा माणूस कुठे मिळणार म्हणून नॉर्वेकर चिंतेत होते. मी तुझं नाव दिलं आहे. विचारलं नाही, कारण तू फोन उचलत नाहीस.

चौथा. हे पत्र तीन वाटांनी येतं आहे. एक हरिसिंग कंडक्टरजवळ, एसटीनं. एक रूपसिंगच्या ट्रकमधून. तो हैदराबादला जाताना तुझ्याकडे हवा भरतोच. एक पोस्टानं. तिन्हींत अक्षर न् अक्षर तेच आहे, मी हातानं उतरून काढलं, बोटं दुखली. पहिलं मिळेल ते वाच. बाकीची दोन टाकू नकोस.

शेवटचा. तू मागूनच सुरुवात केली असशील, तर मुख्तार, हे तुझं पहिलं वाक्य: आधी बॅकअप काढ.